दाखला कोणाचा, जोखीम कोणाची?

जिनिव्हा येथे संयुक्त राष्ट्रांच्या युरोपीय आर्थिक आयोगाच्या आश्रयाखाली वाहनविषयक नियमांचा जागतिक मंच भरतो. दिवे, ब्रेक, आसनपट्टे अशा रुक्ष बाबींची चर्चा करणाऱ्या या मंचाकडे राजकीय कार्यकर्त्यांचे लक्ष सहसा जात नाही. ते जावयास हवे. कारण चालकाविना धावणाऱ्या वाहनांचे आंतरराष्ट्रीय सुरक्षा-निकष याच मंचावर आकार घेत आले आहेत. आणि यंत्राच्या योग्यतेचा दाखला कोणी द्यावयाचा व त्याच्या चुकीची किंमत कोणी मोजावयाची, याचा निवाडा त्या निकषांच्या कलमांत दडलेला आहे.

त्याचे महत्त्व अमेरिकेतील दोन घटनांवरून दिसेल. मार्च २०१८ मध्ये ॲरिझोना राज्यातील टेंपी शहरी उबर कंपनीच्या चाचणी-मोटारीने, सायकल हाती धरून रस्ता ओलांडणाऱ्या एका स्त्रीचा बळी घेतला. धडकेपूर्वी ५.६ सेकंद यंत्राला तिची चाहूल लागली होती. परंतु ठरावीक जागा सोडून कोणी पायी रस्ता ओलांडील, ही शक्यताच त्याच्या रचनेत धरलेली नव्हती, असे सरकारी चौकशीत निष्पन्न झाले. खटला मात्र झाला तो देखरेखीसाठी गाडीत बसविलेल्या कर्मचाऱ्यावर. त्याचे लक्ष रस्त्यावर नव्हते हे खरे. पण कंपनीवर फौजदारी जबाबदारी येत नाही, असा निर्वाळा सरकारी वकिलांनी २०१९ मध्येच दिला होता. दुसरी घटना ऑक्टोबर २०२३ मधील. दुसऱ्या गाडीची ठोकर लागून पडलेल्या पादचारी स्त्रीला क्रूझ कंपनीच्या चालकरहित मोटारीने सॅन फ्रान्सिस्कोत सुमारे २० फूट फरफटत नेले. या प्रकरणी सरकारला खोटा अहवाल सादर केल्याची कबुली कंपनीला २०२४ मध्ये द्यावी लागली.

आंतरराष्ट्रीय नियमनाची वाटचाल आरंभी सावध होती. जून २०२० मध्ये मंचाने १५७ क्रमांकाचा नियम संमत केला. त्यान्वये मोटारीने आपल्या मार्गिकेत स्वतःहून धावावयाचे ते ताशी ६० किलोमीटरच्या आत, आणि तेही पादचारी व सायकलस्वार यांना मज्जाव असलेल्या, दुभाजकाच्या रस्त्यावरच. २०२२ च्या दुरुस्तीने वेगमर्यादा १३० किलोमीटरपर्यंत वाढविली. म्हणजे पहिला नियम झाला तो पायी चालणाऱ्याला हिशेबातून वजा करून. स्वयंचलित वाहनांसाठी व्यापक नियम जून २०२६ पर्यंत सिद्ध करण्याचे उद्दिष्ट मंचाने ठेवले, तेव्हा ही वजाबाकी पुरेशी राहिली नाही.

खरा पेच येथे आहे. १९५८ च्या करारातील देशांत सरकारमान्य यंत्रणा वाहन तपासून मान्यता देते व इतर सदस्य ती ग्राह्य धरतात. अमेरिका १९९८ च्या निराळ्या करारात आहे. तेथे आपले वाहन निकषांत बसते, असा दाखला उत्पादक स्वतःच देतो. ब्रेक एकदा तपासता येतो. आज्ञावली तर विक्रीनंतरही बदलत राहते. अशा वस्तूचा दाखला विकणाऱ्याच्याच हाती ठेवणे म्हणजे परीक्षार्थ्याकडे उत्तरपत्रिका तपासावयास देणे होय.

यंत्र मद्य पीत नाही, थकत नाही, डुलकी घेत नाही. सबब नियमांचा जाच जितका कमी तितके प्राण अधिक वाचतील, असा युक्तिवाद केला जातो. त्याचा पूर्वार्ध खरा आहे, पण उत्तरार्ध त्यातून निष्पन्न होत नाही. ज्याच्या चुकीचा खर्च दुसऱ्याच्या माथी पडतो, तो सुरक्षिततेवर पुरेसा खर्च करीत नाही, हा अर्थशास्त्राचा प्राथमिक धडा आहे.

भारत २००६ पासून १९९८ च्या कराराचा सदस्य आहे; त्यामुळे हा वाद आपल्यालाही परका नाही. २०२२ मध्ये आपल्या रस्त्यांवर १,६८,४९१ माणसे मृत्युमुखी पडली. त्यांत ४४.५ टक्के दुचाकीवरील, तर १९.५ टक्के पादचारी होते. वाजवीपणे अगोदर कल्पिता येणारे व टाळता येणारे, इजा वा मृत्यू ओढवणारे अपघात या वाहनांनी घडवू नयेत, असे मंचाच्या २०१९ च्या आराखड्यात म्हटले आहे. पण ‘वाजवी’ काय, हे कोणाचा रस्ता डोळ्यांपुढे ठेवून ठरणार? पदपथाअभावी रस्त्याच्या कडेने चालणारा मजूर ज्या निकषात दिसत नाही, तो निकष आपल्यासाठी अपुरा आहे.

म्हणून आपला आग्रह तीन गोष्टींचा असावा. तपासणी उत्पादकापासून स्वतंत्र आणि वाहन वापरात असेतोवर चालू राहणारी असावी. प्रत्येक अपघाताची संपूर्ण नोंद सार्वजनिक व्हावी. आणि यंत्राच्या हाती चाक असताना घडलेल्या हानीचे दायित्व प्रथम उत्पादकाचे मानले जावे. पगारी कर्मचाऱ्याला पुढे करून त्याला निसटता येऊ नये. आपल्या प्रतिनिधींनी जिनिव्हात या मागण्या मांडल्या की नाही, हा प्रश्न संसदेत विचारला जावयास हवा. आणि तो विचारला जाईल इतके लोकमत जागविणे हे कार्यकर्त्यांचे काम आहे.