खोकरीचे घुमट

राजपुरीच्या धक्क्यावरून शिडाच्या होडीने जंजिऱ्यात जायचे, कलालबांगडी तोफेशी फोटो काढायचे आणि मुरूडला येऊन जेवायचे, असा पर्यटकांचा शिरस्ता आहे. ज्या सिद्दींनी हा किल्ला कोणाला घेऊ दिला नाही, त्यांच्या कबरी राजपुरीजवळच खोकरीला आहेत. तिकडे मात्र फारसे कोणी वळत नाही.

तिथे काळ्या दगडातल्या तीन घुमटी वास्तू आहेत. दोन लहान आहेत. त्यांत सिद्दी कासीम ऊर्फ याकूतखान आणि त्याचा भाऊ खैरियतखान यांना दफन केले आहे. फत्तेखान सिद्दी किल्ला शिवाजी महाराजांच्या हवाली करण्याच्या बेतात असताना ज्यांनी त्याला कैद करून औरंगजेबाचा आसरा धरला, त्यांपैकी हे दोघे. १६८९-९० मध्ये इंग्रजांच्या मुंबईला वेढा घालून त्यांना जेरीस आणणारा याकूतखान हाच. तिसरी आणि सर्वांत भव्य वास्तू त्यांच्यानंतरच्या सिद्दी सुरुलखानाची. ती त्याने हयातीतच बांधून घेतली असे सांगतात. त्यात नवल नाही. विजापूरच्या मुहम्मद आदिलशहानेही गोलघुमटाचे काम आपल्या डोळ्यांदेखतच सुरू केले होते. सिद्दी आधी निजामशाहीचे, मग आदिलशाहीचे आणि १६७० नंतर मोगलांचे चाकर. चौकोनी दालन, त्यावर घुमट आणि भिंतींत कमानी हा दख्खनी घाट त्यांच्याबरोबर घाट उतरून कोकणात आला.

दोन्ही धाकट्या कबरींवर अरबी लेख आहेत. याकूतखानाच्या लेखात ३० जमादिलावल, हिजरी १११८, गुरुवार असा मृत्युदिन दिला आहे. १८८३ च्या कुलाबा-जंजिरा गॅझेटियरने त्याचे इसवी सन १७०७ छापले आणि पुढच्यांनी तेच उतरवून घेतले. जंत्री लावून पाहिली तर ही तारीख ९ सप्टेंबर १७०६ येते, आणि त्या दिवशी गुरुवारच होता. खैरियतखानाच्या लेखातले साल १०१८ असे वाचले जाते. ते ११०८, म्हणजे १६९६ च्या सुमाराचे असायला हवे. आकडा पाथरवटाच्या हातून फिरला की वाचणाऱ्याच्या नजरेतून, हे दगडाशी बसूनच ठरवावे लागेल.

म्हणून या लेखांचे ठसे आणि स्वच्छ छायाचित्रे घेणे हे पहिले काम. वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस आणि जोडीला खारा वारा, यापुढे कोरीव अक्षर किती टिकणार? घुमटाचा खरा वैरी पिंपळ. सांध्यातला चुना धुपला की तिथे बी रुजते, मुळे दगड उचलू लागतात आणि फटीतून पाणी आत शिरते. वरवर रोप छाटून भागत नाही. मूळ मारून तो सांधा पुन्हा चुन्यानेच भरावा लागतो. घाईत सिमेंट थापले तर ओल आतच कोंडते.

पूर्वी याची सोय लावलेली होती. याकूतखानाच्या कबरीच्या देखभालीसाठी सावली-मिठागर गावाचा महसूल नेमून दिला होता. १९४८ मध्ये जंजिरा संस्थान विलीन झाले आणि त्याबरोबर असल्या नेमणुकींमागचा धनीही गेला.

शत्रूच्या कबरी आपण का सांभाळाव्यात, असा प्रश्न या किनाऱ्यावर निघतोच. सिद्दींच्या स्वाऱ्यांनी इथल्या गावांचे काय केले, ते विसरण्याचे कारण नाही. पण अलिबागला कान्होजी आंग्र्यांची समाधी पाहणाऱ्याला, त्यांचे आरमार कोणाशी झुंजत होते हेही कळले पाहिजे. कान्होजी १७२९ मध्ये गेले. सुरुलखान त्यांचाच समकालीन. जंजिऱ्याच्या सहलीत खोकरीसाठी तासभर काढता येईल. त्यासाठी धक्क्यावर दिशादर्शक पाटी आणि घुमटांपाशी लेखांचा मराठी तर्जुमा एवढे तरी हवे. तो तर्जुमा गॅझेटियरवरून उतरवू नये, प्रत्यक्ष दगडावरून करावा.