आपल्याच नावाने आलेले पत्र

गेल्या हिवाळ्यातील एका सकाळी मी संगणक उघडला, तो माझ्याच पत्त्यावरून मला आलेला एक ई-मेल समोर दिसला. पाठविणारी मी आणि घेणारीही मीच. मजकूर इंग्रजीत, भाषा उर्मट. तुमचा संगणक माझ्या ताब्यात आहे, त्याच्या कॅमेऱ्यातून मी तुमचे नको तसले चित्रण केले आहे, अठ्ठेचाळीस तासांत बिटकॉइनच्या रूपाने डॉलर धाडले नाहीत तर ते तुमच्या सर्व परिचितांकडे जाईल, असा त्याचा आशय. खात्री पटत नसेल तर पाहा, हे पत्र मी तुमच्याच खात्यातून लिहीत आहे! खाली माझा एक जुना पासवर्ड दिला होता. तो खरा होता.

वाचकहो, माझ्या संगणकाला कॅमेराच नाही, हे ध्यानात येण्यास मला काही मिनिटे लागली. पण ती मिनिटे मी विसरलेले नाही. प्रश्न विचारण्यास लाजू नका, असे आयुष्यभर मुलांना सांगत आलेली मी दार लावून बसले, आणि पलीकडच्या खोलीतील पतीलाही हाक मारली नाही.

वस्तुतः यात कोणी माझ्या खात्यात शिरलेच नव्हते. आपण हिंदुस्थानात आंतरदेशीय पत्रे लिहीत असू, ती आठवा. त्यांच्या पाठीवर ‘पाठविणाऱ्याचे नाव व पत्ता’ यासाठी जागा असे. तेथे कोणीही कोणाचेही नाव लिहिले असते तरी पोस्टमनने ते तपासले नसते. त्याचे काम पत्र पोहोचविण्याचे. १९८२ साली जॉन पोस्टेल यांनी ई-मेल पोहोचविण्याचे जे नियम लिहून काढले, त्यांतही पाठविणाऱ्याची ओळख पटवून घेण्याची सोय नव्हती. तेव्हा या जाळ्यावर विद्यापीठे, संशोधक व सरकारी खाती एवढीच मंडळी होती. एकमेकांवर विश्वास होता. राणी ईजबेलने अहाब राजाच्या नावाने पत्रे लिहून नाबोथाचा घात केला, ही कथा आपण लहानपणापासून ऐकली आहे. तिला निदान राजाची मोहोर तरी मिळवावी लागली. या भामट्यांना तीही लागली नाही.

राहिला पासवर्ड. तो दुसऱ्याच कोठल्या तरी संकेतस्थळावरून पूर्वी चोरीस गेलेला असतो. २०१२ साली लिंक्डइनमधून चोरलेले दहा कोटींहून अधिक पासवर्ड २०१६ साली विक्रीस आले होते, आणि जुलै २०१८ पासून असे जुने पासवर्ड घातलेली धमकीपत्रे अमेरिकेत लाखोंनी फिरू लागली. एफबीआयने एप्रिल २०२० मध्ये याच प्रकाराविषयी जाहीर इशाराही दिला. तो पासवर्ड अद्याप कोठे वापरात असेल तर तत्काळ बदलावा, खात्याला दुसऱ्या टप्प्याची पडताळणी जोडावी, आणि पत्र पुसून टाकावे. उत्तर देऊ नये. पैसे तर मुळीच नाही.

हे सारे मला नंतर कळले. परंतु मला लिहावयाचे आहे ते यंत्राविषयी कमी आणि आपल्या मौनाविषयी अधिक. ज्यांना मी मावशी म्हणते अशा आमच्यातील एका वयोवृद्ध बाईंना असेच पत्र आले होते. त्यांनी बँकेतून पैसे काढले, दुकानातील बिटकॉइनच्या यंत्रात भरले, आणि कोणाजवळ अवाक्षर काढले नाही. कित्येक महिन्यांनी मुलाने बँकेचा कागद पाहिला तेव्हा उलगडा झाला. मी विचारले, “मावशी, मला फोन का नाही केलात?” त्या म्हणाल्या, “अगं, काय सांगू? असलं काही माझ्या नावावर आलंय, हे बोलायची लाज वाटली. आणि मुलगा म्हणाला असता, आई, तुला एवढंही कळत नाही? मग संगणकच काढून घेतला असता.”

या शेवटच्या वाक्याने मी अस्वस्थ झाले. येथे आपल्या मुलांनी आपल्याला फोन घेऊन दिले, खाती उघडून दिली, आणि पुढे प्रत्येक शंकेला एक उसासा टाकला. हा उसासा भामट्याच्या कामी येतो. त्यातून आपला समाज लहान. आडनाव सांगितले की गाव कळते, आणि गाव कळले की चार घरे कळतात. चांगलेच आहे ते. पण म्हणूनच ‘सर्वांना कळेल’ ही धमकी आपल्याला अधिक लागते. एफबीआयच्या २०२४ च्या अहवालात इंटरनेटवरील सर्व प्रकारच्या गुन्ह्यांत साठीपुढील लोकांचे नुकसान पावणेपाच अब्ज डॉलरहून अधिक नोंदले आहे. हे ज्यांनी तक्रार केली त्यांचे. मावशींसारख्यांचे त्यात नाही.

दुसरी गोष्ट आपल्या संस्थांची. रब्बी, पाद्री यांच्या नावाने भाविकांकडून गिफ्ट कार्डे मागणारी पत्रे येत असल्याचा इशारा फेडरल ट्रेड कमिशनने जुलै २०१९ मध्येच दिला होता. आपल्या पत्त्याच्या नावाने आलेले बनावट पत्र परस्पर नाकारले जावे, अशी व्यवस्था आता आहे. तिला ‘डीमार्क’ म्हणतात. फेब्रुवारी २०२४ पासून गूगल व याहू यांनी मोठ्या संख्येने पत्रे धाडणाऱ्यांना ती सक्तीची केली. पण पुष्कळ जण तिची नोंद करून ती ‘नुसते पाहा’ यावरच ठेवतात, ‘नाकारा’ यावर आणीत नाहीत. मग ती दारावर बसून केवळ मोजणी करणाऱ्या रखवालदारासारखी होते. ज्या मंडळांचा व सिनेगॉगचा स्वतःचा पत्ता आहे, त्यांच्या समितीने आपली नोंद काय म्हणते हे एखाद्या जाणत्या तरुणास बसवून पाहून घ्यावे. खर्च जवळजवळ नाहीच. अर्थात मिळताजुळता पत्ता घेऊन केवळ नाव आपले लावणाऱ्याला हाही उपाय रोखीत नाही; तेथे फोन करून विचारणे, एवढेच हाती उरते.

तरुणांना माझे एक सांगणे आहे. आईवडिलांनी असे पत्र दाखविले तर प्रथम “बरे झाले दाखविलेत” म्हणा, मग पुढचे बोला.

मला आलेले पत्र मी पुसले नाही. जुना पासवर्ड काळा करून त्याची छापील प्रत पर्समध्ये ठेवली आहे. शब्बाथच्या प्रार्थनेनंतर चहाच्या वेळी कोणास आपले पत्र त्याच्याशी ताडून पाहावयाचे असेल, तर अवश्य मागावी. आतापर्यंत तिघांनी मागितली. तिघांचाही मजकूर जवळजवळ शब्दशः तोच निघाला.