सहा महिन्यांत काय होते?

मंडळी, हा प्रश्न गेल्या पंधरा दिवसांत मी इतक्या वेळा ऐकला आहे की आता त्याला लेखी उत्तर दिलेले बरे. घरच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर मी चार ओळींपेक्षा जास्त लिहिले की मुले 'आजी, थोडक्यात' म्हणतात. इथे तशी सोय नाही, त्यामुळे सविस्तर लिहिते.

विषय असा. माझ्या पुतण्याची मुलगी, म्हणजे माझी नातच, पुण्यात इंजिनियरिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहे. तिच्या कॉलेजचा क्योतोमधल्या एका विद्यापीठाशी विद्यार्थी अदलाबदलीचा करार आहे. त्यातून एका सेमिस्टरसाठी, ऑक्टोबर ते फेब्रुवारीच्या सुरुवातीपर्यंत, तिची निवड झाली आहे. झाले! घरात लगेच दोन तट पडले. एका बाजूला ती आणि मी. दुसऱ्या बाजूला बाकी सगळे.

नागपूरचे आमचे भाऊजी म्हणाले, "सहा महिन्यांत काय होतं? जायचंच तर अमेरिकेला जा, एम.एस. कर." पुतण्याची सासुरवाडी म्हणाली, "जपानात भूकंप होतात." एका जाऊबाईंचा प्रश्न होता, "खाणार काय?" आणि कॉलेजने तर कमालच केली. आधी माहितीपत्रकात या कराराचे फोटो छापले, आणि मुलगी खरोखर निघाली तेव्हा म्हणाले, "तुझं वर्ष जाऊ शकतं, विचार कर."

भूकंपाचे आधी संपवते. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीला जे झाले ते जपानात झाले नव्हते. जवळजवळ दहा हजार माणसे आपल्याच दगडामातीच्या घरांखाली गेली. जपानात भूकंप आपल्यापेक्षा किती तरी जास्त होतात, पण तिथे इमारती त्या हिशेबाने बांधतात आणि शाळेतल्या मुलांनाही टेबलाखाली कसे शिरायचे ते शिकवतात. माझ्या सगळ्या नोकरीत आमच्या शाळेत असा सराव एकदाही झाला नाही. तेव्हा या मुद्द्यावर आपण गप्प बसलेले बरे.

आता भाऊजींचा प्रश्न. भाऊजी, तुम्ही इतिहासाचे शौकीन, म्हणून इतिहासातूनच सांगते. इत्सिंग हा चिनी भिक्षू आपल्याला नालंदामुळे माहीत आहे. तो इ.स. ६७१ मध्ये घरून निघाला, पण थेट भारतात आला नाही. वाटेत सुमात्रा बेटावरच्या श्रीविजय राज्यात उतरला आणि तिथे सहा महिने राहून त्याने संस्कृत व्याकरण शिकून घेतले. पुढे त्याने लिहूनही ठेवले की भारतात जाणाऱ्या चिनी भिक्षूंनी आधी वर्ष-दोन वर्षे इथे राहून तयारी करावी. म्हणजे चिनी विद्यार्थी, संस्कृत विषय आणि सुमात्रात मुक्काम! अदलाबदलीचे सेमिस्टर आणखी कशाला म्हणायचे?

दुसरा कूकाई. हा जपानी. ८०४ साली चीनला गेला तो वीस वर्षे राहायच्या बोलीने. चांगआनला, म्हणजे आजच्या शीआनला, त्याला ह्वेइ-कुओ नावाचे गुरू भेटले. त्यांच्याजवळ त्याला शिकायला मिळाले ते ८०५ सालातले जेमतेम सहा-सात महिने, कारण त्याच वर्षाच्या अखेरीस गुरू वारले. तिथेच एका भारतीय पंडिताकडे तो संस्कृतही शिकला. ८०६ साली परत आला आणि त्याने जपानात शिंगोन पंथ उभा केला. क्योतोच्या तोजी मंदिरात आजही हंसांवर बसलेला ब्रह्मदेव आणि हत्तीवर बसलेला इंद्र आहे. नावे वेगळी, बोन्तेन आणि ताइशाकुतेन, पण आपली वाहने ओळखू येतात.

आता तुम्ही म्हणाल, ती मोठी माणसे, आपल्या पोरीचे काय? कबूल आहे. ती काही पंथ काढणार नाही. पण सहा महिने कमी की जास्त हे महिन्यांवर ठरत नाही एवढे तरी मान्य करा. शाळेत दहा वर्षे बसून काहीही न शिकलेली मुले मी शेकड्यांनी पाहिली आहेत.

आणि 'त्यापेक्षा अमेरिका' हे काय आहे? आपल्याकडे परदेश या शब्दाचा अर्थच गेली पन्नास वर्षे पश्चिम असा आहे. पुलंचे 'अपूर्वाई' घरोघरी आहे, 'पूर्वरंग' किती घरांत आहे ते बघा. आपली मुले अमेरिकेला जातात ती बहुतेक राहण्यासाठी जातात. त्यात गैर काही नाही, आपल्याच घरातली चार जण तिकडे आहेत आणि सुखात आहेत. पण राहायला जाणारा माणूस पहिल्या दिवसापासून उमेदवार असतो. व्हिसा, नोकरी, कर्ज, हे डोक्यात असताना समोरच्या देशाकडे सवडीने बघणे त्याला परवडत नाही. एका सेमिस्टरला जाणाऱ्या मुलीचे परतीचे तिकीट काढलेले असते. तिला कोणाला खूश करायचे नाही. ती नुसती विद्यार्थिनी असते, आणि ही चैन आयुष्यात फार कमी वेळा मिळते.

खर्चाचे म्हणाल तर या करारांत पद्धत अशी असते की फी आपल्याच कॉलेजात भरायची, तिकडचे विद्यापीठ फी घेत नाही. राहणे, खाणे, विमान हे आपले. काहींना जपान सरकारच्या एका संस्थेची महिना ८०,००० येन शिष्यवृत्ती मिळते, सगळ्यांना नाही. परवानगी काढली तर आठवड्याला २८ तासांपर्यंत काम करता येते. मी पुतण्याला म्हटले, लग्नाच्या हॉलसाठी बाजूला ठेवलेल्या पैशांतून दे. तो हसला. मी गमतीने बोलत नव्हते.

आता माझे खरे कारण सांगते, आणि इथे मी थोडी चिडून लिहिणार आहे.

मी मराठी माध्यमातून बी.ए. झाले. जन्मभर मराठी शाळेत शिकवले. जन्मभर ऐकले की मराठीत विज्ञान शिकता येत नाही, मराठीत इंजिनियरिंग होणार नाही, आधुनिक व्हायचे तर इंग्रजीतच. सांगणारे सगळे शहाणे लोक होते. आमच्या शाळेतले वर्ग एकेक करून बंद पडले तेही याच शहाणपणाने. आणि तिकडे एक आशियाई देश आहे, जिथे पदार्थविज्ञान आणि वैद्यक जपानीत शिकवतात. एकोणिसाव्या शतकात त्यांच्याकडेही शब्द नव्हते. त्यांनी बसून ते घडवले. तत्त्वज्ञानाला 'तेत्सुगाकु' हा शब्द निशि आमाने या गृहस्थांनी तयार केला आणि पुढे तो चीननेही उचलला. तोशिहिदे मासुकावा यांना २००८ साली भौतिकशास्त्राचे नोबेल मिळाले. त्यांनी आपले नोबेल व्याख्यान जपानी भाषेत दिले. तोपर्यंत त्यांच्याकडे पासपोर्टसुद्धा नव्हता म्हणतात! हे गृहस्थ क्योतोतच प्राध्यापक होते.

मला माझ्या नातीने हे पुस्तकात वाचायला नको आहे. तिने त्या वर्गात बसावे, आजूबाजूची मुले आपल्या भाषेत सर्किटचे गणित सोडवताना बघावीत, आणि मग मला येऊन सांगावे की ते शहाणे लोक खरे बोलत होते की खोटे. कदाचित ती म्हणेल, आजी, इंग्रजी नसल्यामुळे त्यांची अडचणही होते. होत असेलच. तेही ऐकायला मी तयार आहे.

आणि हे काही मलाच सुचलेले नाही. अण्णासाहेब कर्वे यांच्या हाती १९१५ साली तोक्योच्या महिला विद्यापीठाची माहिती देणारी एक पुस्तिका पडली. १९१६ साली हिंगण्याला स्त्रियांचे विद्यापीठ निघाले, आणि शिकवण्याची भाषा मातृभाषा! एका पुस्तिकेने एवढे केले. आपण त्या गावात शिकलेल्या बायकांच्या पणत्या-खापरपणत्या, आणि आपण विचारतो जपानात काय आहे.

भाषेचा बाऊ करणाऱ्यांसाठी एक गंमत. जपानी मुलांची अक्षरमाला अ, इ, उ, ए, ओ अशी सुरू होते आणि पुढे का, सा, ता, ना, हा, मा, या, रा, वा. ओळखीचे वाटते ना? हा क्रम बौद्ध भिक्षूंबरोबर गेलेल्या संस्कृत वर्णमालेवरूनच लागला आहे. वाक्यरचनाही आपलीच. 'मी सफरचंद खाते' हे 'वाताशि वा रिन्गो ओ ताबेमासु', कर्ता, मग कर्म, शेवटी क्रियापद. विभक्तीसारखे प्रत्यय नामाच्या मागून. तू, तुम्ही, आपण यांतला फरक ज्याला घरात शिकवावा लागला नाही, त्याला त्यांची आदराची बोली निदान कशासाठी आहे हे तरी कळेल. अवघड आहे ती चित्रलिपी. रोजच्या वापराची म्हणून सरकारने ठरवलेली अक्षरेच २,१३६ आहेत. ती सहा महिन्यांत येणार नाहीत. शे-दोनशे आली तरी रस्त्यावरच्या पाट्या बोलू लागतील. पुण्यात जपानी शिकवणारे वर्ग भरपूर आहेत, नात वर्षभर जातेच आहे.

जाऊबाईंच्या प्रश्नाला मी हसणार नाही, कारण तो खरा आहे. तिथे भाजीच्या सारातसुद्धा माशाच्या सुकवलेल्या किसाचे पाणी असते, आणि विचारले तर 'मासे नाहीत' असे प्रामाणिकपणे सांगतात. भात मात्र सगळीकडे आहे. भाताच्या मुटक्यात खारवलेले आंबट फळ घालतात, 'उमेबोशी', ते आपल्या लोणच्याचे चुलतभावंड समजा. ती छोटा कुकर नेईल, मेतकूट नेईल. बाकी काय खायचे ते एकविसाव्या वर्षी तिचे तिने ठरवावे.

पण नातीलाही दोन शब्द सुनावते, नाहीतर म्हणाल आजी एकतर्फी बोलते. तिकडे जाऊन वसतिगृहात पाच भारतीय मुलांनी एकत्र खिचडी करायची, इंग्रजीतून चालणारे सोपे दोन कोर्स घ्यायचे, लाल तोरणांच्या देवळात फोटो काढायचे आणि परत यायचे, असेही सेमिस्टर असते. तसे करणार असशील तर भाऊजी बरोबर आहेत, जाऊ नकोस. चौदा दिवसांच्या आत वॉर्ड ऑफिसात जाऊन पत्ता नोंदवावा लागतो, ते काम सिनियर मुलाला पुढे करून करू नकोस. तुझ्या मोडक्या जपानीत कर. आरोग्य विमा काढावाच लागतो, डॉक्टरचे बिल तीस टक्के आपण भरायचे, ते समजून घे. क्योतोत जाळायचा कचरा पिवळ्या पिशवीत जातो आणि ती पिशवी विकत घ्यावी लागते. चुकीची ठेवलीस तर ती तिथेच पडून राहील आणि शेजारच्या आजी बघतील. त्या आजींशी बोल. सप्टेंबरच्या शेवटी पोहोचलीस तर 'हिगान'चे दिवस असतील. आपल्या पितृपक्षाच्या आगेमागेच ते लोक पूर्वजांच्या थडग्यांवर फुले ठेवायला जातात. तिथे उंच लाकडी फळ्या उभ्या असतात, त्यांवर सिद्धम् लिपीतली संस्कृत बीजाक्षरे असतात. फोटो नको, जमल्यास हाताने उतरवून आण. आणि जपानला डोक्यावरही घेऊ नकोस. १९१० ते १९४५ कोरियावर राज्य करताना याच देशाने कोरियन मुलांच्या तोंडून त्यांची भाषा काढून घेतली. वसतिगृहात कोरियन मुली असतील, त्यांना विचार.

राहिले कॉलेज. जपानचे हे सत्र ऑक्टोबरला सुरू होते, आपले जुलैत आणि जानेवारीत. म्हणजे त्यांचे एक सेमिस्टर आपल्या दोन सेमिस्टरांचे लचके तोडते. पाचव्याची परीक्षा बुडते, सहाव्याचा पहिला महिना बुडतो. ही अडचण खरी आहे, पण ती कराराच्या दिवशीही खरी होती. सही करताना तुम्ही कॅलेंडर पाहिले नव्हते काय? युरोपात १९८७ पासून इरास्मस योजना चालू आहे. तिथे विद्यार्थी निघण्यापूर्वीच कागद होतो, तिकडचे कोणते विषय इकडच्या कोणत्या विषयांच्या जागी धरायचे, आणि त्यावर विद्यार्थी आणि दोन्ही विद्यापीठे सह्या करतात. यात अवकाशयान सोडण्यासारखे काही नाही. विषयांची एक यादी, चुकलेल्या पेपरांची फेब्रुवारीत वेगळी परीक्षा, आणि विभागप्रमुखांची सही. 'बघू, परत आल्यावर ठरवू' हे उत्तर वीस वर्षांच्या मुलीला देणे म्हणजे तिला न जाण्याची आज्ञा देण्यासारखेच आहे, फक्त जबाबदारी न घेता. असे किती तरी करार भिंतीवर चौकटीत लटकलेले असतील आणि त्यांखालून मुले 'बघू' ऐकून परत जात असतील.

तेव्हा पुतण्या, तुला माझे म्हणणे असे. सोमवारी नातीबरोबर कॉलेजात जा. तोंडी काही ऐकून येऊ नकोस, विषयांची यादी लेखी माग. मी अर्जाचा मसुदा मराठीत करून ठेवला आहे, इंग्रजी तुम्ही करा. पालकाच्या संमतीचा कागद शुक्रवारपर्यंत द्यायचा आहे. भाऊजींना अजून काही म्हणायचे असेल तर त्यांनी गुरुवारपर्यंत फोन करावा. दुपारी दोन ते चार मी झोपते, ती वेळ सोडून.