चाडच्या तेलवाहिनीचे मूल्यमापन

चाडमधील डोबा येथील तेल कॅमेरूनच्या क्रिबी किनाऱ्यापर्यंत नेणाऱ्या सुमारे 1,070 किलोमीटरच्या वाहिनीला जागतिक बँकेने 2000 साली कर्ज मंजूर केले, ते तेलाचे उत्पन्न प्रामुख्याने शिक्षण, आरोग्य यांसारख्या क्षेत्रांवर खर्चण्याचे आणि त्यातील काही भाग भावी पिढ्यांसाठी राखण्याचे कायदेशीर बंधन घालूनच. 2003 मध्ये तेल वाहू लागले. बांधकामापुरता प्रकल्प यशस्वी ठरला. मात्र परिणामकारकता, म्हणजे लोकांच्या जीवनमानात घडलेला प्रत्यक्ष बदल, हा निकष लावला की चित्र पालटते, कारण चाड सरकारने 2006 साली तो राखीव निधीच रद्द केला, सुरक्षाखर्चालाही अग्रक्रमाच्या यादीत बसवले आणि 2008 मध्ये मुदतीपूर्वी कर्ज फेडल्यावर बँक प्रकल्पातून बाहेर पडली. गरिबांच्या नावाने उभारलेल्या अशा प्रकल्पाचे मूल्यमापन कर्जफेडीपाशी थांबवणे अन्यायाचे आहे.