डोक्यावर टांगलेला दिवा

गणपतीत आणि गॅदरिंगच्या दिवसांत माझ्याकडे एक ठरावीक पेशंट येतो. डोक्याला टेंगूळ, सोबत दोन मित्र आणि "डॉक्टर, फक्त टिटॅनसचं इंजेक्शन द्या, रात्री प्रयोग आहे." वरून दिवा सुटलेला असतो, नाहीतर पडद्याचा पाइप.

तुम्हीच हिशोब करा. पाच मीटरवरून पडणारी वस्तू खाली येईपर्यंत ताशी 35 किलोमीटरचा वेग घेते. चार-पाच किलोचा दिवा त्या वेगाने डोक्यावर! आणि तो सुटतो कशामुळे? क्लॅम्पचा बोल्ट सैल, बांबूला सुतळी, नाहीतर दिव्याच्या उष्णतेने मऊ पडलेली नायलॉनची दोरी. पाइपभोवती वळसा घालून प्रत्येक दिव्याला एक जादा स्टीलची साखळी लावली, तर बोल्ट निसटला तरी दिवा लटकून राहतो. माइकवर हजारो रुपये खर्च करणारी मंडळं इथेच हात आखडतात, हे मला पटत नाही. वर कोणी दिवे बांधत असताना खाली तालीम चालवणं तर शुद्ध वेडेपणा.

लागलंच, तर "शुद्धीवर आहे, बोलतोय" यावर विसंबू नका. कवटीच्या आत रक्त साचत असलं तरी माणूस काही तास अगदी ठीक दिसू शकतो. पुन्हा पुन्हा उलटी, वाढती डोकेदुखी, गुंगी, असंबद्ध बोलणं, हातापायातली ताकद कमी होणं, यातलं काहीही दिसलं तर सीटी स्कॅनची सोय असलेल्या रुग्णालयात लगेच न्या. रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल, तर लक्षणांची वाटही पाहू नका. आणि रात्रीचा प्रयोग? बदली नट शोधा.