आधी अखेर शिका

बुद्धिबळाच्या नवशिक्या खेळाडूस आरंभीच्या चाली तोंडपाठ करण्याचा मोह होतो. परंतु प्रतिस्पर्ध्याने अनपेक्षित चाल केली की ती घोकंपट्टी निरुपयोगी ठरते. १९२१ साली जगज्जेता झालेला क्यूबाचा कापाब्लांका डावाची अखेर आधी अभ्यासावी असे सांगे. मला ते सर्वथा पटते. पटावर दोन राजे व एकच प्यादे उरले, म्हणजे एकेका घराचे मोल कळते. राजा आपल्या प्याद्याच्या पुढे चालला, तर बहुधा त्या प्याद्याचा वजीर होतो. मागे रेंगाळला, तर जिंकत आलेला डावही बरोबरीत सुटतो. हे ज्यास उमगले, तो आरंभीही एखादे प्यादे फुकट दवडणार नाही. म्हणून मुलांनो, रोज अशी एक अखेर पटावर मांडा आणि ती दोन्ही बाजूंनी खेळून पाहा.