आजीची आमटी आणि लाल बटण



आमच्या घरी आमटी अजून आजीच्याच पद्धतीने होते. तोच काळा मसाला, तोच गूळ. हैदराबादेत आल्यावर आईने त्यात चिंच थोडी वाढवली आणि फोडणीत कढीपत्ता जास्त घातला. एवढंच. कृती मुळापासून कोणी नव्याने लिहिली नाही. हे शहाणपण मला कामात मात्र उशिरा सुचलं.

मी विंडोजवरच्या प्रोग्रॅम्सचे स्क्रीन बनवतो, डब्ल्यूपीएफमध्ये. हे तंत्र 2006 साली डॉटनेट 3.0 सोबत आलं. त्यात बटण कसं दिसावं हे ‘स्टाइल’मध्ये एकदाच लिहितात आणि ते सगळ्या प्रोग्रॅमला लागू होतं. काही वर्षांपूर्वी एका हॉस्पिटलच्या बिलिंग काउंटरसाठी आम्ही अशी स्टाइल केली होती: मोठी अक्षरं, उंच बटणं.

पुढे ‘पावती रद्द’ हे बटण लाल करायचं ठरलं. मी त्या खिडकीपुरती बटणाची नवी स्टाइल लिहिली. त्यात एकच ओळ, लाल रंगाची. बटण लाल झालं, मी खूश!

दोन दिवसांनी काउंटरवरच्या वयस्कर कॅशियरचाचांचा फोन. “क्या मियाँ, अक्षरां इत्ते बारीक कायकू करे?” नव्या स्टाइलने जुनीत भर घातलीच नव्हती, तिची जागाच घेतली होती. अक्षरं, उंची, सगळं गेलं. वर शेजारचं ‘मागे’ बटणही लाल. चाचांचं बोट चुकलं, एका पेशंटची पावती रद्द झाली आणि त्याचे नातेवाईक पुन्हा रांगेत उभे राहिले. चूक चाचांची नव्हती, माझी होती.

दुरुस्ती दोन शब्दांची. नव्या स्टाइलला ‘की’, म्हणजे स्वतःचं नाव दिलं आणि ती फक्त रद्दच्या बटणाला लावली. शिवाय ‘बेस्डऑन’ लिहून तिला मूळ बटण-स्टाइलशी जोडलं. आता मोठी अक्षरं आणि उंची वारशाने येतात, रंग तेवढा आपला.

हे काम शिकणाऱ्या मुलामुलींनी तीन गोष्टी लक्षात ठेवाव्यात. एकच गुणधर्म दोन्हीकडे असेल तर नव्या स्टाइलचं चालतं, बाकीचं जुनीतून येतं. जुन्या स्टाइलमधले ट्रिगरही सोबत येतात, पण ‘टेम्प्लेट’ बदललं तर ते अख्खं बदलतं, अर्धं जुनं अर्धं नवं होत नाही. आणि जिच्यावर बेतायचं ती स्टाइल आधी लिहिलेली हवी, कारण बेस्डऑनला डायनॅमिक रिसोर्स चालत नाही.

रंग बदलला की मी आता बदललेलं बटण एकटं बघत नाही, अख्खी खिडकी बघतो. तीही चाचांच्या खुर्चीत बसून, चष्मा काढून.

भेटू पुढच्या अंकात!